पारण्याचं आमंत्रण

जवरीलाल : पाणी उकळलेलं आहे ना, राजू?

राजकुंवर : उकळून गाळलेलं आहे. प्या.

जवरीलाल : राग मानू नको. आज उपास आहे. एक दिवस उपास, एक दिवस जेवण, तेरा महिने हेच. मध्ये ताप आला, डॉक्टर खाऊन गोळी घ्या म्हणाले, तरी वर्षीतप मोडलं नाही.

राजकुंवर : ऐकलं. जामनेरहून जो येतो तो हेच सांगतो.

जवरीलाल : आखाजीला पारणं, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर. उसाचा पहिला रस बहिणीच्या हातून घ्यायचाय, म्हणून नरडाण्याला स्वतः आलो. ही पत्रिका.

राजकुंवर : छान छापलीय. माझं नाव आहे, तुमच्या लेकीच्या, कामिनीच्या सासरची बारा नावं आहेत. रूपलचं नाही.

जवरीलाल : पुनीतनं छापून आणली. राहिलं असेल.

राजकुंवर : पोरानं विसरायचं आणि बापानं वाचायचं नाही. तीही बहीणच ना तुमची?

जवरीलाल : तिला फिट येते, राजू. मंडपात हजार माणसं, समोर महाराजसाहेब.

राजकुंवर : बाबूजींनी जाताना तिचा हात कुणाच्या हातात दिला होता?

जवरीलाल : माझ्या. मी कुठे नाही म्हणतो?

राजकुंवर : माझ्या घरातून तिला कधी बाहेर काढणार नाही, म्हणाला होतात. बाबूजी ते ऐकून गेले. मग कामिनीला बघायला पाहुणे आले, रूपल त्यांच्यासमोर पडली, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही तिला इथे आणून सोडलंत. दोन दिवसांसाठी म्हणून. सहा वर्षं झाली. कामिनीचं मूल बालवाडीत जातं.

जवरीलाल : संसारात अडचणी येतात. हे वेगळं आहे. महाराजसाहेबांसमोर हात जोडून नेम घेतलाय.

राजकुंवर : आणि बाबूजींसमोर काय केलं होतं, गंमत? किळस येते मला तुमच्या नेमाची. तुम्ही तप धरल्याचं तिला कळलं, तेव्हापासून रोज सकाळी विचारते, भाऊ आज जेवणार का? नाही म्हटलं की ताट सारते. उपाशीपोटी तिच्या गोळ्या चालत नाहीत. म्हणून मी दिवसाआड तिच्याशी खोटं बोलते, जेवणार म्हणून सांगते.

(रूपल ओले हात ओढणीला पुसत आतून येते.)

रूपल : भाऊ, न्यायला आले?

जवरीलाल : तू... बरी आहेस ना? आखाजीला गाडी पाठवतो. तूच पाज मला रस.

रूपल : राहायला?

जवरीलाल : नाही, म्हणजे, संध्याकाळी ड्रायव्हर परत आणून सोडेल.

रूपल : मग नको.

जवरीलाल : राजू, तू तरी येशील ना? लोक विचारतील.

राजकुंवर : सांगा काय सांगायचं ते. तुम्हाला जमतं.

रूपल : जाताना फाटक लावा, भाऊ. गाय आत येते.