नीरफणसाची कापं

मायामीच्या विमानतळावर सामान तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे सत्तरीतलं एक मराठी जोडपं होतं. दोघं कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावरून अमेरिकेतल्या घरी परत येत होते.

"नीला, तो नीरफणस बॅगेतून काढ. डिक्लेअर केलाय, कस्टमवाले काढून घेणारच."

"घेतील तेव्हा घेतील."

"तिथे रोज खाल्लास ना?"

"त्या खाणावळवाल्या बाई निखाऱ्यावर भाजून देतात. छान लागतो, पण मला कापं हवी होती. म्हणून सुरी मागून घेतली."

"आणि त्यांच्या किचनमध्ये तळत बसलीस."

"रवा नव्हता, मक्याचं पीठ लावलं. त्यांनी आवडीने खाल्ली. मग विचारलं, तुझं बेट कुठलं?"

"काय सांगितलंस?"

"गुहागर."

"गुहागर बेट कधी झालं?"

"त्या इतक्या आपुलकीने विचारत होत्या. नाही कशाला म्हणू?"

"एवढं आवडतं, तर कधी बोलली नाहीस. दरवर्षी जात होतो की तुझ्या माहेरी, गुहागरला."

"डिसेंबरमध्ये. नीरफणस पावसाळ्यात होतात. आई फोनवर सांगायची, झाड लगडलंय, तू तेवढी नाहीस."

"आमचा प्लँट डिसेंबरमध्येच बंद असायचा, सुट्टी तेव्हाच मिळायची, नीला."

"मी कुठे काय म्हणतेय?"

"आता तर रिटायर झालोय. या जुलैमध्ये जाऊ."

"कोणाकडे?"

रांग थोडी पुढे सरकली. नीलाबाईंनी बॅगेतून नीरफणस काढून हातात घेतला.

"आण, मी धरतो तो. जड आहे."

"नको. काउंटरपर्यंत मीच नेते."