अहवालाचं नववं पान

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या मैदानी खेळ महासंघाचे प्रमुख, मंचावर विराजमान निवड समितीचे सन्माननीय सदस्य, आज ज्यांना निरोप द्यायचा त्या आपल्या पाहणी अधिकारी ताई, आणि समोर बसलेल्या प्रशिक्षक, पंच, खेळाडू बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. ताईंच्या हाताखालची अकरा वर्षं त्यात बसवायची म्हणजे अवघडच. तरी प्रयत्न करतो.

ताईंचं काम काय होतं? स्पर्धेचं यजमानपद मागणाऱ्या शहरात जायचं, बघायचं आणि खरं ते लिहायचं. शहरं आमच्यापुढे गालिचे अंथरायची. ताई मात्र थेट धावपट्टीवर जाऊन चपला काढून उभ्या राहायच्या. तरुणपणी दहा हजार मीटर धावलेली बाई. "पायांना कळतं," म्हणायच्या.

गेल्या खेपेला शेवटी दोन शहरं उरली. एक लहान, समुद्राकाठचं. दुसरं मोठं, नव्या कोऱ्या स्टेडियमचं. तिथे टीव्हीवरच्या प्रक्षेपणाच्या सोयीसाठी अंतिम शर्यती दुपारी चारला ठेवायच्या होत्या. ताई पाच दिवस चारच्या उन्हात थर्मामीटर घेऊन उभ्या राहिल्या. धावपट्टी अठ्ठावन्न अंश. मग रिकाम्या रुग्णवाहिकेत बसून त्यांनी इस्पितळापर्यंतचा वेळ मोजला. चव्वेचाळीस मिनिटं. चालक म्हणाला, "बाई, आज गर्दी कमीच आहे."

हे सगळं अहवालाच्या नवव्या पानावर होतं. शिफारस अर्थातच लहान शहराची.

अहवाल टाइप करून निवड समितीला द्यायचं काम माझं. बैठकीच्या आदल्या दिवशी मला फोन आला. कुणाचा, ते सांगत नाही. मंचाचा मान राखायला हवा. "शहर ठरलंय. नववं पान कशाला घालता? आणि शिफारसही तेवढी सुधारून घ्या." मी पान काढलं, शिफारस बदलली, पुढच्या पानांचे क्रमांकही बदलले. होय, मीच.

बैठकीत ताईंनी आपली मोजमापांची वही उघडली. एक सदस्य हसून म्हणाले, "ताई, वही म्हणजे अहवाल नव्हे." मी पाणी पीत राहिलो.

बाहेर आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "काढण्याआधी वाचलं होतंस ना ते पान?"

"वाचलं होतं, ताई."

"मग झालं."

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. दहा हजार मीटरच्या एकोणिसाव्या फेरीत बावीस वर्षांची मुलगी कोसळली. इस्पितळात पोचायला एकोणपन्नास मिनिटं लागली. जीव वाचला, पण आज तिची आई तिला हाताने भरवते, आणि हे कोण भरवतंय ते तिला कळत नाही. चौकशी समितीने लिहिलं, धोक्याची पूर्वसूचना नव्हती. तेव्हाही मी गप्पच होतो.

ताई दोन वर्षं आधीच निवृत्त होत आहेत. सोमवारपासून त्यांच्या खुर्चीवर मी. पुढच्या स्पर्धेसाठी चार शहरांचे अर्ज आलेत. पाहणी अजून व्हायची आहे, पण कोणतं निवडायचं ते मला परवाच कळवण्यात आलं. मी "बरं" म्हणालो.

सभागृहाने शांतपणे ऐकून घेतलं, आभारी आहे. अध्यक्ष महोदय, वेळ जास्त घेतला, बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, ते पोटात घालावं. ताईंची क्षमा मात्र मी मागत नाही. मागितली तर त्या करतील.