हात मांडीखाली

माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावर बसलेले पुनर्वसन केंद्राचे मोठे डॉक्टर, जिच्यासाठी आज हे एवढे गुच्छ आलेत त्या आमच्या थेरपीवाल्या मॅडम, समोर बसलेले माजी सैनिक, त्यांच्या बायका, आया, बाप, आणि भाषणं कधी संपतात म्हणून मागे दाराशी उभी असलेली मंडळी, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

मी चौथी शिकलेली बाई. हे भाषण माझं मी लिहिलंय, दोन दिवस लागले. सून म्हणाली, "आई, कागदावर आहे तेवढंच वाचा, मधेच मनाचं काही घुसडू नका." म्हणून जे घुसडायचं ते आधीच कागदावर घुसडून आणलंय.

माझ्या आधी चार जण बोलले. मॅडम मायाळू, मॅडम देवमाणूस. असतील. मला मात्र पहिलं वर्षभर ही बाई डोळ्यांसमोर नको होती. का, ते सांगते.

माझा मुलगा सैन्यात ट्रक चालवायचा. स्फोटात ट्रक उलटला, डोक्याला मार बसला. घरी आला तो उजवा हात लुळा घेऊन. आणि आठवण म्हणाल तर सुपात पाखडल्यासारखी, काय राहील आणि काय उडेल याचा नेम नाही. बायको ओळखू यायची, मुलगी ओळखू यायची. मी समोर गेले की म्हणायचा, "अहो बाई, जरा पाणी देता का?" जन्म दिला मी, आणि मी अहो बाई. द्यायचे पाणी. दुसरं काय करणार?

सून पहाटेच कामावर जायची, नात शाळेत. घरात तो आणि अहो बाई. मंगळवारी आणि शुक्रवारी मॅडम यायच्या. महिना कोणता चाललाय हे ज्याला सांगता येत नव्हतं, त्याला मंगळवार बरोबर कळायचा. सकाळपासून खिडकीशी खुर्ची ओढून बसायचा. "मॅडम आल्या," असं तिचं पाऊल जिन्यावर पडायच्या आधी सांगायचा. आता तुम्हीच सांगा, आईला काय वाटेल? माझ्या पोटात दुखायचं. डॉक्टरसाहेबांना दाखवण्यासारखं ते दुखणं नव्हतं.

मॅडमचं औषध काय, तर आमचाच ओटा आणि आमचीच भांडी. त्याने स्वतः चहा करायचा. भिंतीवर चित्रांची सात कार्डं चिकटवली. पातेलं, पाणी, गॅस, पावडर, साखर, दूध, गाळणी. चहा झाला की वहीत त्याने बरोबरची खूण करायची. आणि मी? "आजी, तुम्ही या स्टुलावर बसायचं, दोन्ही हात मांडीखाली घ्यायचे. तो अडकला तरी उठायचं नाही." स्वयंपाकघर माझं, मुलगा माझा, आणि माझेच हात माझ्याच मांडीखाली.

पहिल्या दिवशी पन्नास मिनिटं लागली. साखर तीनदा पडली. कप हिंदकळत माझ्यासमोरून गेला आणि मॅडमच्या हातात पोचला. तो पाक तिने शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि म्हणाली, "मस्त जमलाय." मला कुणी घोटभर विचारलं नाही.

दोन आठवड्यांनी मॅडम म्हणाल्या, "आता चहा रोज सकाळी आजींसमोर. मी शर्टाच्या बटणांकडे वळते." झालं, मला रान मोकळं मिळालं. दुसऱ्या दिवशी तो उठायच्या आत मी चहा करून त्याच्या हातात दिला. म्हणाला, "वा, अहो बाई, चहा फक्कड करता तुम्ही." त्या एका वाक्यावर मी सात आठवडे काढले. रोज चहा मी केला आणि वहीत खूणही मीच केली.

मग हे डॉक्टरसाहेब तपासणीला आमच्या घरी आले. म्हणाले, दिवसा घरात निभावतो का बघू, नसेल निभावत तर परगावी आपल्या वसतिगृहात ठेवावं लागेल, तिथे खाट रिकामी आहे. मॅडम त्यांच्याबरोबर होत्या, सून रजा टाकून आली होती, दाराशी उभी होती. मुलगा ओट्यापुढे गेला. कार्डांकडे बघितलं. लायटर उचलला, खाली ठेवला. मग वळून माझ्याकडे बघत राहिला. डॉक्टरांनी विचारलं, "रोज चहा कोण करतं?"

तो म्हणाला, "आई करते."

वर्षभर ज्या शब्दासाठी जीव टाकला, तो शब्द आला. आला तो माझी चहाडी सांगत. आणि डॉक्टरांनी तो लिहूनसुद्धा घेतला.

मॅडमने वही उघडली. माझा मुलगा डाव्या हाताने लिहितो, त्याची खूण कागद फाडत जाते. माझ्या खुणा मास्तरांनी केल्यासारख्या नेटक्या. तिने वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, वही मिटली. म्हणाली, "सर, चूक माझी आहे. चहा मी लवकर सोडला. सहा आठवडे द्या."

तर डॉक्टरसाहेब, आज सगळ्यांसमोर सांगते. चूक तिची नव्हती. तुमच्या कागदात तिच्या नावापुढे काही लिहिलं असेल तर ते खोडा आणि माझं नाव घाला. सूनबाई, तूही आत्ताच ऐकते आहेस. घरी गेल्यावर बोल काय बोलायचं ते.

डॉक्टर गेल्यावर मी जिन्यात मॅडमला गाठलं. म्हटलं, "खरं का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर उद्या हात मांडीखाली घेतले असते का?"

"नसते."

"मग उद्यापासून रोज सकाळी येते. पेशंट तुम्ही."

म्हणजे बघा, मोठेपणासुद्धा तीच घेऊन गेली. माझ्यासाठी काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही.

सहा आठवडे शेजारी स्टूल टाकून बसली. मी जरा हलले की, "आजी, हात." बोटांना मुंग्या यायच्या. एकदा दूध उतू जायला लागलं, मी अर्धी उठले, तिने माझं कोपर धरलं. पोलिसासारखं. दूध गॅसवर आलं, ओट्यावर आलं, आणि मग त्याने बटण फिरवलं. स्वतःच. मी खाली बसले.

दुसऱ्या तपासणीला त्याला चहा करायला पस्तीस मिनिटं लागली. पहिला कप डॉक्टरांना, दुसरा मॅडमला. मी ओटा पुसत होते. खाट दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

आता मॅडम दुसऱ्या गावी चालल्या. तिथे कुणा आईला स्टुलावर बसवतील, "आजी, हात" म्हणतील. त्या न पाहिलेल्या बाईचा मला आत्तापासूनच राग येतोय.

शेवटचं सांगते. मॅडमला गुच्छ माझा मुलगा देणार आहे. तो दुसऱ्या रांगेतून येईल, तीन पायऱ्या चढेल, गुच्छ डाव्या हातात असेल. मधल्या पायरीवर तो थांबतो, तेव्हा घाबरू नका. कुणी उठायचं नाही, अध्यक्षसाहेब, तुम्हीसुद्धा नाही. सगळ्यांनी हात मांडीखाली घ्या. गुच्छ तो सरळ मॅडमलाच देईल, माझ्याकडे बघणारही नाही. ठाऊक आहे मला.

मला इथवर बोलू दिलंत, आभारी आहे. बोलण्यात कुणाला लागलं असेल तर अडाणी बाई म्हणून पोटात घाला. मॅडमला लागलं असेल तर लागू दे, दोन वर्षांत तेवढं तरी माझ्याकडून घेऊन जाऊ दे.

मी माझ्या खुर्चीवर बसते. घेतले हात मांडीखाली. चल रे, ये. धरायला कुणी येणार नाही.