नानांच्या शेताला सुटलेलं पोट

जीपीएसचं माझं खरं शिक्षण एका कुत्र्याने केलं, हे तुम्हाला कधी सांगितलंय का?

जळगावला मी शेतीच्या नकाशांचा कोर्स करत होते. पहिलंच काम होतं एका शेताची हद्द नोंदवायचं. मोबाइल हातात धरायचा आणि बांधावरून पूर्ण फेरी मारायची. आपण जसे चालू, तशी रेघ नकाशावर उमटते. मला शेत मिळालं धुळ्याजवळच्या एका नानांचं.

अर्धी फेरी झाली आणि नानांचा कुत्रा अंगावर आला. मी शेजारच्या आबांच्या कपाशीत पळाले, ती थेट मधोमध. नानांनी हाक मारून कुत्रा आवरला, तेव्हा मी बांधावर परतले. मोबाइल मात्र सगळा वेळ चालूच होता.

झाडाखाली बसून लॅपटॉप उघडला, तर नानांच्या शेताला आबांच्या बाजूने चांगलं पोट सुटलेलं.

"नाना, इथे चुकलंय. परत चालावं लागेल."

नानांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. "कोठे चुकनं? बठ्ठं बरोबर शे. हाईच छापी दे."

त्या बांधावरून दोघांचं भांडण कोर्टापर्यंत जाऊन आलेलं, हे गावात शिरतानाच मला कळलं होतं. तेवढ्यात आबाच समोर उभे. कपाशीतली माझी धावपळ त्यांनी पहिल्यापासून पाहिली होती. आता आरडाओरडा होणार म्हणून मी लॅपटॉप मिटायला लागले. आबांनी मला थांबवलं, नकाशा शांतपणे पाहिला आणि मला म्हणाले,

"ताई, आते मन्हं वावर मोज. मन्हाकडे दोन कुत्रा शेतस."