पत्रिकेच्या तळाची ओळ

सुकन्या: संगमेश, वीरण्णाच्या लग्नाच्या कन्नड पत्रिकेत 'वधू'च्या जागी 'दुसरी वधू' कुणी घातलं?

संगमेश: मीच घातलो. खोटं हाय का, अक्का? त्याचा पयला साखरपुडा तुझ्याशीच झाल्ता की.

सुकन्या: आन् त्याच्या बापानं, बसलिंगप्पानं मोडला. प्रेसमधी बसणारी सून नको म्हणून. ठाव हाय मला.

संगमेश: त्या बसलिंगप्पाच्या घरात कन्नड कुणाला वाचता येत न्हाई. बिदरच्या सोयऱ्यांनी वाचलं की कळंल त्याला. लई जळून राहिलो मी.

सुकन्या: मी कमी जळले का? पण त्या पोरीनं आपलं काय वाकडं केलं? आन् अक्कल कुठं गहाण ठेवलास? वर, वधू, मुहूर्त, स्थळ, हे शब्द तिन्ही भाषांत कंप्युटरात एकाच जागी भरून ठेवलेत मी. भाषा निवडली की हरेक पत्रिकेत तिथूनच जातेत. उद्या धोंडाबाईच्या नातीची कन्नड पत्रिका हाय. तीबी दुसरी वधू होणार का?

संगमेश: ...ते ध्यानातच आलं न्हाई. काढतो. मग सोडून द्यायचं का त्याला?

सुकन्या: सोडते कुठं. त्यातच एक नवा शब्द भर. 'छपाई'. मराठी, कन्नड, तेलुगू. पुढं 'सुकन्या प्रिंटर्स, उदगीर'.

संगमेश: त्यानं तर बजावलंय, खाली प्रेसचं नाव टाकायचं न्हाई.

सुकन्या: म्हणूनच टाकायचं. भर आन् प्रूफं काढ. येईलच तो.

(बसलिंगप्पा खुर्चीत टेकून तिन्ही प्रूफं चष्म्याजवळ धरतात.)

बसलिंगप्पा: पोरी, खाली तुझं नाव नको म्हणलो होतो. सोयरे विचारतेत.

सुकन्या: विचारू द्या. नावाबिगर आमी छापत न्हाई, काका. दुसरीकडं न्या.

बसलिंगप्पा: नेलो होतो की. सोयरे म्हणले, कन्नड जोडाक्षरं फुटली; तेलुगूचे तर नुसते चौकोन आले. लग्न तोंडावर हाय.

सुकन्या: मग हीच घ्यावी लागंल. तिन्ही.

बसलिंगप्पा: ...बरं. अक्षर तरी बारीक ठेव.

सुकन्या: बारीकच हाय. पयली पत्रिका कुठं ठेवता, काका?

बसलिंगप्पा: देवापुढं. सगळेच ठेवतेत.

सुकन्या: मग सून यायच्या आधी माझं नाव जाईल तुमच्या देवघरात. घ्या पेन. इथं सही करा.