संघदीपची वेगळी ताटली

आजच्या सभेचं अध्यक्षपद भूषवणारे आमचे सरपंच माननीय फुलसिंगजी, मंचावर विराजमान केंद्रप्रमुख साहेब, शाळा समितीचे सदस्य, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या सत्कारमूर्ती रंजिताबाई राठोड, आणि पुढे सतरंजीवर चुळबुळणाऱ्या माझ्या बालमित्रांनो,

मुख्याध्यापक म्हणून निरोपाची भाषणं मी पुष्कळ ठोकली. शाल द्यायची, नारळ हातात ठेवायचा, चार गोड शब्द बोलायचे की मोकळे. आज मात्र सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. बाई उद्या बदलीवर केळापूरला रुजू होतील आणि चौथीतला संघदीप इथंच राहील.

गावाला ठाऊक आहे, पाहुण्यांसाठी सांगतो. पोरगं वाळलेलं, पोट तेवढं पुढे आलेलं. आम्ही काय केलं? कुपोषण समजून त्याला शिरा चारला, बिस्किटं चारली. जेवढं चारावं तेवढं ते खंगत गेलं! शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, याला सीलिॲक आहे, गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये. किती दिवस? जन्मभर.

हे मुलांना समजावणार कोण? मी तर हात टेकले. बाईंनी वर्गात एक टॉवेल आणि एक मेणकापड आणलं, दोन्हीवर पाणी ओतलं. म्हणाल्या, "पाहा, टॉवेलले लव हाये, तो पाणी पिते. आपलं आतडं असंच राह्यते. संघदीपनं गहू खाल्ला का त्याची लव झडते, मंग त्याचं असं मेणकापड होते. खाल्लेलं अंगी लागन कसं?" वर्गातल्या वैष्णवीनं विचारलं, "बाई, त्याले शिवलो तं आपल्याले होते का?" बाई म्हणाल्या, "नाही होत. त्याच्यासंगं खेळा, कुस्त्या करा. फक्त पोळीचा हात त्याच्या ताटलीले लावू नका."

शाळेची खिचडी तांदळाची, ती चालते. पण मुलं घरून पोळ्या आणतात, एकमेकांच्या ताटात टाकतात. म्हणून संघदीपची ताटली वेगळी, कप्पा वेगळा, खिडकीशी जागा वेगळी. डॉक्टरी हिशेबानं सगळं चोख.

एका दुपारी त्याचे वडील बळीरामभाऊ दाराशी आले. पोराला तसं बसलेलं पाहिलं आणि तिथंच थबकले. "बाई, माया आज्याले येगळी ताटली होती. धम्म घेतला तवा त्यानं ते फेकून देली. तुमी ते आज माया पोरासमोर ठुली." बाई आजार सांगू लागल्या, तर म्हणाले, "समजते मले. नागपूरले मीच घेऊन गेलतो. समजते, पण पाहवत नाही."

मंडळी, दोघंही बरोबर होते. भाऊ गेल्यावर बाई रडल्या, आणि मी उगाच खडूची पेटी आवरत बसलो.

मग बाई घरोघरी फिरल्या. म्हणाल्या, सगळ्याच मुलांना डब्यात भाकरी द्या, म्हणजे सगळे एका पंगतीत बसतील. कोणी नाही म्हटलं नाही हो! पण ज्वारी आणायची कुठून? या शिवेपासून त्या शिवेपर्यंत कपाशी, तीही हाती लागत नाही, आणि रेशनवर गहू. ज्या गावात आमच्या आज्यांचा जन्म भाकरी थापण्यात गेला, तिथं आज ज्वारीचं कणीस औषधाला सापडत नाही.

शेवटी बाईंनी स्वतःसाठी तशीच एक ताटली आणली. बाभुळगावच्या बाजारातून थोडी ज्वारी आणायची, गिरणीत गव्हाचं पीठ उडतं म्हणून घरी जात्यावर दळायची, आणि खिडकीशी पोराबरोबर जेवायचं. बाईंच्या जागी कोण येणार, येणार की नाही, साहेबांनाही माहीत नाही.

काल मी संघदीपला म्हटलं, बाई गेल्या की मी बसतो तुझ्याजवळ. तो म्हणाला, "सर, तुमच्या डब्यात तं पोळी राह्यते."

असो. आता भोजन आहे. आचाऱ्यानं पुऱ्या आणि शिरा केलाय, कोणाच्या ध्यानातच आलं नाही. बाईंनी दोघांपुरती भाकरी घरून आणली आहे. निरोपाचं जेवणसुद्धा आम्ही त्यांना घालू शकलो नाही. आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. आणि बाई, एवढीच विनंती, आज जेवताना घाई करू नका. उद्यापासून तो एकटाच बसणार आहे.