सरूबाईंनी दिलेले नऊ

ऐका मंडळी! आज एकच विचारतो— सुख मोजता येतं का? हसू नका, पराग टिकेकर नावाचा एक हुशार माणूस विद्यापीठात बसून तेच मोजत होता. दीडशे जणांना त्यानं फोन दिले. दिवसातून तीनदा घंटी वाजायची— या क्षणी तुम्ही किती सुखी? एक ते दहा, आकडा दाबा! मोठमोठे तत्त्वज्ञ डोकं खाजवत गेले, आणि ह्यानं सगळं बटणावर आणून ठेवलं. पण त्यातून कळतही होतं हो! नवी गाडी घेतलेल्याचा आकडा चढायचा आणि चार महिन्यांत होता तिथंच यायचा.

प्रबंध संपत आला आणि एक नोंद अडली. सरूबाई गुरव. नवरा अंथरुणाला. तो गेला त्याच दिवशी, दुपारी एक वाजता बाईंनी आकडा दाबला— नऊ! मार्गदर्शक म्हणाले, "बोट चुकलं असेल. काढून टाक."

परागला राहवेना. तो सरूबाईंच्या गावी गेला. ओसरीवर बसला, चहा संपला. शेवटी म्हणाला, "मावशी, त्या दिवशी नऊ कसे?"

"चार दिस त्यांच्या पोटात काय न्हवतं," सरूबाई म्हणाल्या. "त्या दुपारी माझ्या हातनं दोन चमचं पेज घेतली. तवाच तुमची घंटी वाजली."

"आणि मग?"

"मग तासाभरानं गेले. तवा न्हाई वाजली तुमची घंटी."

परागनं ती नोंद काढली नाही. पण त्याला लाज वाटली. का? त्याची स्वतःची आई वर्षभर अंथरुणाला होती! भरवायला बाई ठेवलेली. प्रबंध झाला की आईपाशी निवांत बसू, असं हा रोज म्हणायचा. परक्यांना दिवसातून तीनदा विचारायला मात्र सवड होती.

घरी आल्यावर त्यानं भरवणाऱ्या बाईच्या हातातली वाटी मागून घेतली. चमचा पुढे केला. आईनं तोंड फिरवलं. त्याला फार वाईट वाटलं, पण तो उठला नाही. त्यानं पुन्हा चमचा पुढे केला.

मग? आईनं खाल्लं का?— बघा, सगळ्यांच्या माना पुढे आल्या! तुम्हालाही आकडाच हवा. मी सांगणार नाही. ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला आहे, त्यांनी आज आरतीला थांबू नका. देव काही म्हणणार नाही. उठा, घरी जा, आणि वाटी आपल्या हातात घ्या.